डिसेंबरातला रेनकोट

भंडारा जिल्ह्याची सगळी तयारी उन्हाळ्याची. मार्च लागला की डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, डिकीत पाण्याची बाटली, आणि बारा ते चार घराबाहेर पडायचं नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. हिवाळ्याबद्दल मात्र ‘दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे’ अशी वृत्ती. एक स्वेटर, एक कानटोपी, झालं. पायी फिरणाऱ्याला आणि शेकोटीपाशी बसणाऱ्याला तेवढं पुरतंही. पहाटे फटफटीला किक मारणाऱ्याला ते पुरत नाही.

इथली थंडी फार मोठी आहे असा दावा नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास असतो. उत्तरेकडून कोरडी हवा आली की तो आणखी घसरतो आणि शेजारचं गोंदिया विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या यादीत वर जाऊन बसतं. साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांची नोंद झाली होती. लडाखला निघालेल्या रायडरसाठी लिहिलेले सल्ले इथे कामाचे नाहीत, कारण इथला माणूस सहलीला निघालेला नसतो. तो जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, वरठीच्या सनफ्लॅगमध्ये नाहीतर गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये पहिल्या पाळीला निघालेला असतो. तुमसरच्या बाजूला मॉईलच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींवर निघालेला असतो. कुणी दुधाच्या कॅन लटकवून, कुणी वांग्याची पोती बांधून भाजी बाजाराकडे, कुणी पेपरचे गठ्ठे घेऊन. सकाळच्या शाळेला अपडाऊन करणारे मास्तर आणि मॅडम आहेतच. वीस ते चाळीस किलोमीटरची वाट, शंभर-सव्वाशे सीसीची गाडी, आणि त्या वेळेला एसटी असेलच असं नाही. चार-पाच हजारांचं रायडिंग जॅकेट घ्या, हा सल्ला यातल्या बहुतेकांना देऊन उपयोग नाही. सुदैवाने त्याची गरजही फारशी नाही.

मुळात आपण चुकीच्या शत्रूशी लढतो. गाडीवर हवेच्या गारव्यापेक्षा वारा जास्त छळतो. अंगाने तापवलेल्या हवेचा एक पातळ थर कातडीला चिकटून असतो, वारा तो सतत ओढून नेतो. अंटार्क्टिकात पॉल सिपल आणि चार्ल्स पासेल या दोन अमेरिकनांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात किती वेळात गोठतं हे मोजलं आणि १९४५ साली त्याचे आकडे छापले. त्याची सुधारलेली आवृत्ती २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेने स्वीकारली. त्या सूत्रात दहा अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा घातला, तर उघड्या चेहऱ्याला साडेसहा अंशांसारखं वाटतं. ६० ला पाच अंशांसारखं. पारा पाचवर असेल आणि वेग ६०, तर हिशेब शून्याच्या खाली दोनवर जातो. यात एक गंमत आहे. थांबलेल्या गाडीवरून ३० वर जाताना जेवढं नुकसान होतं, त्याच्या निम्मंही ३० वरून ६० वर जाताना होत नाही. म्हणजे ‘हळू चालवतो, थंडी लागणार नाही’ हे उघड्या तोंडापुरतं फारसं खरं नाही.

कपड्यांच्या बाबतीत मात्र हळू चालवण्याला अर्थ आहे, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० च्या वेगाला समोरून येणारी हवा दर चौरस मीटरला सुमारे १७ किलोंचा दाब देते, ३० ला त्याचा चौथा हिस्सा. आणि हा दाब झेलतो कोण, तर आईने किंवा बायकोने हौसेने विणलेला स्वेटर, ज्याच्या प्रत्येक टाक्यात भोक आहे. लोकर गरम असते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे. ती हवाच वारा पार करून घेऊन गेला की स्वेटर म्हणजे नुसतं वजन. म्हणून दोन स्वेटर घालूनही माणूस साकोलीपर्यंत कुडकुडतो आणि ‘यंदा थंडी फारच आहे’ असं म्हणतो.

उपाय बहुतेक घरांत खुंटीला नाहीतर ट्रंकेत असतो. पावसाळ्यातला रेनकोट. स्वेटरवरून रेनकोट चढवला की वारा बाहेर राहतो आणि स्वेटर स्वेटरचं काम करू लागतो. एवढी स्वस्त आणि एवढी परिणामकारक गोष्ट दुसरी नाही, तरी ती फार थोडे लोक करतात. लाज वाटते, हे खरं कारण. स्वच्छ आभाळाखाली डिसेंबरात रेनकोट घालून निघालेल्या माणसाला टपरीवरचे लोक काय बोलतील ते बोलतील. रेनकोटची पँटही सोडू नये, मांड्या आणि गुडघे सगळा वारा समोरून घेतात. त्याचा एक दोष मान्य करायला हवा, आतला घाम बाहेर जात नाही. पण अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेला आणि दहा अंशांना घाम येतो कुठे? लांबच्या प्रवासाला मात्र आतल्या सुती बनियनला ओल येते आणि ती थंड पडते. तिथे खेळाडू वापरतात तसा सिंथेटिक बनियन बरा. पाणी अडवून वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाची वाट १९६९ मध्ये बॉब गोर याने टेफ्लॉन ताणून दाखवली. आज महागड्या जॅकेटांत जे असतं ते त्याच कुळातलं.

जॅकेट मागून पुढे, उलटं घालण्याची देशी युक्तीही शास्त्रशुद्ध आहे. चेन आणि बटणं म्हणजे वाऱ्याची दारं. ती पाठीकडे गेली की छाती बंद होते. न्यूयॉर्कच्या अर्विंग शॉटने १९२८ मध्ये मोटरसायकलसाठी चामड्याचं ‘परफेक्टो’ जॅकेट काढलं. त्याची चेन तिरकी आहे आणि एक पल्ला दुसऱ्यावर चढतो. आपला माणूस तेच काम फुकटात करतो. फक्त पाठीमागची चेन लावायला कुणीतरी लागतं.

छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालणं हाही जुना आणि खरा उपाय. युरोपातले सायकलपटू डोंगर चढून गेल्यावर उताराला लागण्यापूर्वी जर्सीच्या आत पेपर कोंबत. कागदातून वारा जात नाही आणि घड्यांमध्ये हवा अडकते. पहाटेच्या वाटेवरचे पेपरवाले या बाबतीत सगळ्यांत सधन म्हणायचे.

आता सांधे. माणूस छाती झाकतो आणि वारा बाहीतून काखेपर्यंत, गळ्यातून पोटापर्यंत, शर्ट वर सरकला की कमरेतून पाठीला शिरतो. बाहीचं टोक हातमोज्याच्या आत, पँटचं टोक मोज्याच्या आत, बनियन पँटमध्ये खोचलेला, आणि मफलरची दोन्ही टोकं जॅकेटच्या आत. एवढ्याने जो फरक पडतो तो हजार रुपयांच्या नव्या स्वेटरने पडणार नाही. आणि नवा स्वेटर घ्यायचाच तर गरम कपड्यांचा बाजार या भागाला अनोळखी नाही. १९७२ मध्ये गोठणगाव-प्रतापगड परिसरात नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला आणि वसाहत तिकडे गेली. देशभरच्या तिबेट्यांप्रमाणे तिथल्या अनेक कुटुंबांचाही हिवाळ्यातला धंदा म्हणजे शहरोशहरी स्वेटर-जॅकेट विकणं. तिबेटच्या पठारावरून आलेल्या माणसांनी धानाच्या मुलखाला गरम कपडे पुरवावेत, हा इतिहासाचा एक मजेदार वळसा. त्यांच्या दुकानात गेलात तर जाड विणीवर भाळू नका. बाहेरून नायलॉनचं आणि आतून मऊ अस्तराचं जॅकेट मागा.

हातांबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण अपघात तिथून होतो. थंडी वाजू लागली की शरीर पहिल्यांदा हृदय-फुप्फुसांची काळजी घेतं आणि बोटांकडचं रक्त कमी करतं. बोटांची कातडी पंधरा अंशांच्या खाली गेली की बारीक हालचाली जड होतात. क्लच सुटतो तो झटक्याने, ब्रेक लागतो तो उशिराने. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे आठ मीटर, आणि समोर बिनदिव्याची धानाची ट्रॉली असेल तर आठ मीटर खूप झाले. हात गरम ठेवायचे तर आधी छाती आणि मान गरम ठेवावी लागते, हे लोकांना पटत नाही. पण धडाला थंडी वाजत असताना शरीर बोटांना रक्त सोडत नाही, मोजे कितीही जाड असोत. लोकरीचे हातमोजे एकटे निरुपयोगी, कारण स्वेटरचंच दुखणं. त्यावरून भांडी घासायचे रबरी मोजे एक नंबर मोठे घेऊन चढवले तर वारा थांबतो. दिसायला विचित्र, कामाला चोख. मोजे घट्ट मात्र नकोत, आवळलेल्या बोटांना रक्त आणखी कमी मिळतं.

काही जण हँडलला रेक्झीनचं किंवा पोत्याचं आवरण बांधून त्यात हात घालतात. हा उपाय मोज्यांपेक्षा सरस आहे, कारण आत बोटं मोकळी राहतात. पण बांधताना एक पाहायचं. आवरण मऊ असेल तर वेगात वारा ते मागे ढकलतो आणि ते ब्रेकच्या दांडीवर दाबून बसतं. ब्रेक अर्धवट लागलेला राहतो, मागचा लाल दिवा पेटलेला राहतो आणि चालवणाऱ्याला पत्ता नसतो. म्हणून आत तारेचा किंवा पट्टीचा सांगाडा हवा आणि हात एका झटक्यात बाहेर आला पाहिजे.

थांबल्यावर इंजिनावर हात शेकायची सवय सगळ्यांना असते. बधिर बोटाला चटका कळत नाही. सायलेन्सरला टेकलेला हात भाजून निघतो आणि ते कळतं घरी गेल्यावर. त्यापेक्षा हात जॅकेटच्या आत काखेत धरावेत, दोन मिनिटांत जीव येतो. तर्री-पोहे आणि चहाचा खरा फायदा पोटात जाणाऱ्या उष्णतेपेक्षा वाऱ्यातून दहा मिनिटं बाहेर पडण्याचा आहे, हे सांगून मी कुणाच्या प्लेटीवर पाणी ओतत नाही.

पायांचं थोडक्यात सांगता येईल. चपलेवर गाडी चालवू नये, उन्हाळ्यातही नाही. जुन्या बजाज चेतकवाल्यांना हा प्रश्नच नव्हता. पुढचा पत्रा त्यांच्या गुडघ्यांपासून पावलांपर्यंत ढाल धरून असे. मोटरसायकल आली, मायलेज आलं आणि ती ढाल गेली. आज थंडीत रोजची वीस किलोमीटरची वाट असणाऱ्याने स्कूटरचा विचार करायला हरकत नाही.

परदेशी गाड्यांना विजेवर तापणाऱ्या मुठी असतात, अंगात घालायला तापणारी बंडीही मिळते. आपल्या शंभर सीसीच्या गाडीला हे सहज पेलत नाही. मुठींनाच तीस-चाळीस वॅट लागतात. इथे वीज थोडी बनते, आणि एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतोच. बाजारात स्वस्त तापत्या मुठी दिसल्या तरी बॅटरी कशी टिकेल ते आधी मेकॅनिकला विचारावं.

थंडी रस्ताभर सारखी नसते, हे गाडीवाल्याला कारवाल्यापेक्षा चांगलं कळतं. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उताराने खोलगट भागात जाऊन साचते. त्यामुळे गावातून निघून धानाच्या बांध्यांत उतरलं की गार हवेत बुडी मारल्यासारखं होतं, चढावर पुन्हा जरा ऊब. कोका अभयारण्याकडच्या जंगलातला रस्ता, नाल्याचा सखल भाग, मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ, प्रत्येकाचा गारवा वेगळा. कारध्याच्या पुलावर पहाटे वैनगंगेतून वाफ निघताना दिसते. नदीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्याची ओल वरच्या गार हवेत थिजते. तिथेच धुकं दाट होतं. आणि सर्वांत कमी पारा मध्यरात्री नसतो, तो सूर्य उगवण्याच्या सुमाराला असतो. ‘उजाडलं की निघू’ असं ठरवणारा नेमकी ती वेळ गाठतो.

धुक्यात डिपर खाली ठेवायचा. अप्पर मारला तर उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत येतो. हेल्मेटच्या काचेवर श्वासाची वाफ धरते म्हणून लोक काच उघडी टाकतात आणि डोळ्यांतून पाणी काढत चालवतात. काचेला आतून साबणाच्या पाण्याचा हात फिरवून कोरड्या कापडाने पुसलं, की वाफ थेंब धरत नाही. काच एक बोटभर वर ठेवली तरी चालतं. कानटोपी घातली म्हणून हेल्मेट नको, हा हिवाळ्यातला खास इथला न्याय. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ कानटोपी ओळखत नाही. आणि जाड कानटोपीवरून हेल्मेट घातलं तर ते डोक्यावर डुगडुगतं, पडल्यावर निसटू शकतं. आत पातळ कापडाची टोपी पुरे. पूर्ण तोंडाचं हेल्मेट हेच मुळात उत्तम कानटोपी आहे.

‘वारा लागून तोंड वाकडं झालं’ ही भीती घरोघरी असते. चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज आल्याने अर्धा चेहरा लुळा पडतो, हे खरं. त्यामागे बहुधा विषाणू असावा असं मानलं जातं. गार वाऱ्याचा दोष सिद्ध झालेला नाही. अशा वेळी झाडपाला बांधत बसण्यापेक्षा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं, कारण औषध लवकर सुरू झालं तर गुण चांगला येतो, आणि अर्धांगवायूचा झटका तर नाही ना हेही तपासावं लागतं. दमेकऱ्यांनी नाक-तोंड झाकून घ्यावं. रक्तदाब असलेल्यांनी गारठ्यात रक्तवाहिन्या आवळतात एवढं ध्यानात ठेवावं.

पण विदर्भात सर्वांत जास्त बोलायला हवं ते सिकलसेलबद्दल. पूर्व विदर्भात हा आजार अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. गारठ्यात हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या की रक्त सावकाश वाहतं, पेशी वाकून अडकतात आणि हाडं-सांध्यांत असह्य वेदना उठतात. थंडीत पाणीही कमी प्यायलं जातं, तेही धोक्याचंच. नुसता वाहक असणाऱ्याला सहसा हा त्रास होत नाही, रुग्णाला होतो. कॉलेजला जाणारं सिकलसेलचं लेकरू पहाटे डबलसीट नेताना ‘पोरं काय, सहन करतात’ हे चालायचं नाही. त्याच्यासाठी नऊची वेळ मागून घ्यावी, नाही मिळाली तर एसटीची वाट पाहावी.

लहान पोराला पेट्रोलच्या टाकीवर बसवायची रीत तर थंडीत दुप्पट वाईट. बाप पोराच्या आडोशाला बसतो, असा त्याचा अर्थ. लहान अंग मोठ्यापेक्षा लवकर निवतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, अंगाला बांधायचा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा हा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून आहे. मागे बसणाऱ्या बाईच्या शालीचं, मोकळ्या ओढणीचं टोक चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड असतो. गाडीला तो ठोकलेला असतो म्हणून ब्लँकेट पांघरून बसावं असं नाही. शाल आत, जॅकेट बाहेर.

मोहाच्या दारूने ऊब येते असं सांगणारे भेटतात. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग तापल्यासारखं वाटतं आणि आतली उष्णता भराभर बाहेर जाते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ हा पुढचा भाग.

या सगळ्याची खरी परीक्षा झाडीपट्टीच्या नाटकाच्या रात्री असते. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव फिरू लागतात, आणि रात्री दहाच्या पुढे सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. आसपासच्या गावांतून माणसं डबलसीट, कधी ट्रिपलसीट येतात. येताना अंगात उत्साह आणि हवेत थोडी ऊब असते, म्हणून पातळ जॅकेटवर निघालेली. परतताना रात्रभर जागलेलं शरीर, रिकामं पोट, सर्वांत खालचा पारा आणि धुकं, हे चारही एकदम भेटतात. मागे बसलेला तर बसल्या बसल्या डुलकी घेतो. त्याला ना हँडल धरायचंय, ना वाटेकडे पाहायचंय, अंग हलत नाही म्हणून तो चालवणाऱ्याहून लवकर निवतो, आणि झोपेत एका बाजूला कलतो.

नाटक ठेवणाऱ्या मंडळांना यात करण्यासारखं आहे आणि ते खर्चाचं नाही. पडदा पडल्यावर शामियाना लगेच सोडू नये. तणसाचा एक थर, दोन शेकोट्या आणि चहाची किटली एवढ्यावर शंभर-दीडशे माणसं दीड-दोन तास पडू शकतात. जानेवारीत सूर्य सातच्या आधी-मागे उगवतो, त्यानंतर तासाभरात पारा चढू लागतो आणि धुकं विरतं. आठ-साडेआठला निघालेला माणूस नऊच्या आत गावात असतो. धान बहुतेक कापून झालेलं असतं, त्या दिवशी शेतावर तासभर उशीर झाला तर बिघडत नाही.